चष्म्याची काच ‘टफन’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न असा आहे: वडील कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काम करतात, वय साठीच्या पुढे, नंबर मायनस चार. फायबरची भिंगं थोड्याच महिन्यांत ओरखड्यांनी पांढुरकी होतात, म्हणून त्यांना खरी काचच हवी आहे. दुकानदार म्हणतो, ‘टफन करून देतो, फुटणार नाही.’ टफन म्हणजे काय करतात, ते केलंय की नाही हे कसं ओळखायचं, आणि ‘फुटणार नाही’ यावर विसंबावं का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे डोळा पणाला लागलेला आहे. टफन केलेली काच साध्या काचेपेक्षा नक्कीच जास्त मार सोसते. पण ती फुटते. लेथ आणि ग्राइंडरसमोर उभं राहताना डोळ्यापुढे फक्त काचेचं भिंग असावं, हे मला मान्य नाही, मग ते कितीही चांगलं टफन केलेलं असो. एरवी घरी, बाजारात, वाचताना वडिलांनी काच वापरायला माझी अजिबात हरकत नाही. ओरखड्यांबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि काचेतून दिसतंही स्वच्छ.

आता काच मुळात फुटते कशी ते पाहू. चष्म्याची नेहमीची पांढरी काच म्हणजे क्राऊन काच, अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते त्याचं माप) १.५२३. ही काच दाबायला गेलात तर प्रचंड दाब सोसते. ताणलीत तर मात्र अगदी थोड्या ताणात जाते. याचं कारण तिच्या पृष्ठभागावर आहे. डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा प्रत्येक काचेवर असतातच. घासताना, पॉलिश करताना, धुळीच्या रुमालाने पुसताना त्या पडत राहतात. काच वाकली की जी बाजू ताणली जाते तिथल्या चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो, चीर पुढे सरकते आणि एका क्षणात आरपार जाते. इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ या इंजिनिअरने १९२०च्या सुमारास हे मांडलं. काचेचे तंतू बारीक बारीक ओढत नेले तशी त्यांची ताकद वाढत गेली, कारण जितका बारीक तंतू तितक्या मोठ्या चिरेला त्यात जागाच कमी. हवेतला ओलावाही चिरेच्या टोकाशी काचेतले बंध तोडायला मदत करतो. म्हणून महिनोन्‌महिने ताणाखाली बसलेली काच एखाद्या दिवशी काही न लागताही तडकते.

चष्म्याच्या बाबतीत यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. समोरून चेंडूसारखं काही मोठं, बोथट आदळलं की भिंग आत, डोळ्याकडे वाकतं. तेव्हा पुढची बाजू दाबली जाते आणि मागची, म्हणजे डोळ्याकडची बाजू ताणली जाते. चीर बहुतेक वेळा त्या मागच्या बाजूला सुरू होते. आपण चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतो तेव्हा अंगठा नेमका त्याच बाजूवर जोर देत असतो. छोटा, टणक आणि वेगाने आलेला कण असेल तर गोष्ट वेगळी. तो पुढच्या बाजूलाच खड्डा पाडून तिथून काच फोडू शकतो.

म्हणजे काच मजबूत करायची तर तिच्या पृष्ठभागाला कायमच्या दाबाखाली ठेवायचं. मग बाहेरून वाकवणारा मार बसला की त्याला आधी तो दाब संपवावा लागतो. दाब संपेपर्यंत चिरेची तोंडं मिटलेलीच राहतात. टफन करणं म्हणजे एवढंच. काचेवर कुठलाही लेप चढत नाही, कुठली वेगळी काच वापरलेली नसते आणि ओरखडे पडणंही थांबत नाही. लोखंडाला पाणी देतात तसंच का, असं वडील विचारतील. तसं नाही. पाणी दिल्यावर पोलादाची आतली घडण बदलते आणि ते कठीण होतं. काच आधी होती तितकीच कठीण राहते, फक्त तिच्या आत दाब आणि ताण कोंडून ठेवलेले असतात.

हा दाब भरायच्या दोन रीती आहेत, एक भट्टीची आणि दुसरी क्षाराची.

भट्टीची रीत जुनी आहे. १८७४ मध्ये फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं होतं. चष्म्याच्या लॅबमध्ये तेल नाही, हवा वापरतात. भिंग फ्रेमच्या मापाने पूर्ण कापून, घासून, काठाची धार मारून तयार झालं की मगच ते भट्टीत जातं. भट्टी साधारण ६४० अंश सेल्सिअसवर असते. काच मऊ पडू लागते, पण वितळत नाही. जाडी, वजन आणि रंग पाहून दोनतीन मिनिटं ठेवतात आणि बाहेर काढल्याबरोबर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. बाहेरची कातडी आधी गोठते. आतला गाभा अजून गरम असतो. तो नंतर निवतो आणि आकसू पाहतो, पण कातडी आता ताठ झालेली असते. गाभा तिला आत ओढत राहतो. परिणाम असा की कातडी दाबाखाली आणि गाभा ताणाखाली कायमचा अडकतो. दाबाचा थर दोन्ही बाजूंनी जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका खोल असतो. म्हणजे २ मिमीच्या काचेत प्रत्येक बाजूला सुमारे ०.४ मिमी. पृष्ठभागावरचा दाब हा मधल्या ताणाच्या जवळपास दुप्पट भरतो.

या रीतीत जाडीला फार महत्त्व आहे. कातडी आणि गाभा यांच्या तापमानात फरक पडला तरच दाब तयार होतो, आणि पातळ काचेत तो फरक टिकतच नाही, कारण सगळी काच एकदमच निवते. म्हणून मध्यभागी २ मिमीच्या आसपास जाडी हवीच. कामाच्या जागेसाठी काच करायची तर ३ मिमी. मायनस नंबरात आणखी एक अडचण येते. वडिलांचंच भिंग घ्या. मध्ये २ मिमी धरलं तर ५० मिमीच्या गोलाचा काठ सुमारे साडेचार मिमी होतो. एकाच भिंगाचा मधला भाग झटकन निवतो, काठ सावकाश. दाब सगळीकडे सारखा बसत नाही, आणि नेमका मधला भाग, जिथे मार बसण्याची भीती जास्त, तिथे तो कमी असतो. मोठ्या मायनस नंबरांना मी म्हणूनच भट्टीची रीत सुचवत नाही.

भट्टीतून आलेल्या भिंगाचा नंबर लेन्सोमीटरवर, म्हणजे नंबर मोजायच्या यंत्रावर, पुन्हा तपासावा लागतो. वेळ थोडी जास्त झाली तर काच किंचित वाकते आणि नंबर हलतो. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचेची काळी पडण्याची आणि उजळण्याची चाल या भट्टीने बिघडू शकते. आणि एकदा टफन झालं की त्या काचेला घासायचं नाही, भोक पाडायचं नाही, कोपरा कमी करायचा नाही. दाबाचा थर कापला गेला की आतला ताण मोकळा होतो आणि भिंगाचे तुकडे होतात. जुनी भिंगं नव्या फ्रेममध्ये बसवून द्या म्हणून लोक आग्रह करतात तेव्हा दुकानदार नाही म्हणतो, त्याचं कारण हेच. आधी काच पुन्हा तापवून सावकाश निववायची, ताण काढायचा, मग घासायची आणि परत टफन करायची, इतका खटाटोप कोणी करत नाही.

दुसरी रीत क्षाराची, आणि माझ्या मते चष्म्यासाठी हीच खरी. १९६० च्या दशकात ती अमेरिकेत पुढे आली आणि पुढच्या दशकात भिंगांच्या लॅबमध्ये रुळली. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, ४४० अंशांवर वितळवून ठेवतात. त्यात अर्धा टक्का सिलिसिक आम्ल असतं. तयार घासलेली भिंगं आधी गरम करून घेतात, नाहीतर बुडवताक्षणी तडकतील, आणि मग या वितळलेल्या क्षारात १६ तास बुडवून ठेवतात. संध्याकाळी टाकायची आणि सकाळी काढायची, असा बेत असतो. काचेत सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, असतात. ते बाहेर क्षारात जातात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे आयन येऊन बसतात. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा बऱ्यापैकी मोठा. लोकलच्या बाकावरून तीन सडपातळ माणसं उठली आणि त्याच जागेत तीन धिप्पाड माणसं बसली, तर बाकावर जी दाटी होईल तीच दाटी काचेच्या पृष्ठभागावर होते. काच ४४० अंशांना पुरती घट्ट असते, त्यामुळे तिला पसरून जागा करून देता येत नाही. हा दाब मग कायमचा राहतो.

थर अगदी पातळ असतो, ०.१ मिमीहूनही कमी. पण त्यातला दाब भट्टीच्या रीतीपेक्षा कित्येक पट असतो. शिवाय क्षार सगळीकडून सारखा भिडतो, त्यामुळे काठ जाड, मध्य पातळ, बायफोकल, काहीही असलं तरी दाब सारखा बसतो. काच मऊ पडण्याइतकी तापतच नाही, म्हणून नंबर हलत नाही. फोनच्या पडद्यावरची मजबूत काचही याच तत्त्वावर बनते, फक्त काचेचं मिश्रण वेगळं असतं.

या रीतीत लॅबची शिस्त दिसते. प्रत्येक बॅचबरोबर काचेतला सोडियम क्षारात मिसळत जातो. तो साठला की अदलाबदल मंदावते आणि बाहेरून तशीच दिसणारी भिंगं आतून कमजोर निघतात. क्षार वेळच्या वेळी बदलणं हा खर्च आहे, आणि काटकसर करणारी लॅब तिथेच काटकसर करते. फोटोक्रोमिक काचांसाठी वेगळं भांडं लागतं. त्यातल्या बऱ्याच काचांत लिथियम असतो, म्हणून त्यांना ६० टक्के पोटॅशियम आणि ४० टक्के सोडियम नायट्रेटचं मिश्रण, तेही ४०० अंशांवर, अशी पद्धत आहे. पांढऱ्या काचेच्या भांड्यात फोटोक्रोमिक टाकून चालत नाही. १.८ आणि १.९ अपवर्तनांकाच्या अगदी पातळ दिसणाऱ्या काचा तर सहसा टफन करून मिळतच नाहीत. कोणी ‘सगळ्याच काचा टफन करतो’ म्हणाला तर यातलं काही विचारून पाहा.

दोन्ही रीतींत भिंगाचं भवितव्य भट्टीत किंवा क्षारात जाण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं, आणि या कामात मला सर्वात जास्त कळकळ वाटते ती इथे. काठावर कपची उडालेली, कडेची बारीक धार न मोडलेली भिंगं तशीच टफन केली तर ती टफन होतात, पण फ्रेमचा स्क्रू आवळताना किंवा हातातून पडताना त्याच कपचीपासून फुटतात. काठ बारीक चाकावर नीट घासलेला हवा, दोन्ही कडांना छोटी तिरकी धार हवी. बिनकडेच्या फ्रेमसाठी भोकं पाडायची असतील तर तीही आधीच.

ओळखायचं कसं? भट्टीची रीत घरी ओळखता येते. लॅपटॉपचा साधा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून डोकं तिरकं करत जा, पडदा काळा पडेल तिथे थांबा. आता चष्म्याचं भिंग पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये धरा. भट्टीत टफन केलेल्या काचेत काळ्या पट्ट्यांचा क्रूस आणि मधे उजळ भाग दिसतील. फ्रेमच्या आकाराप्रमाणे हा क्रूस वाकडातिकडा असतो, त्यात काही गैर नाही. साध्या काचेत जवळपास काहीच दिसत नाही. फक्त काठापाशी उजळ ठिपके दिसले तर ते टफनचं लक्षण नाही, फ्रेमने काच जास्त आवळली आहे याचं आहे. स्क्रू थोडा सैल करून घ्या, कारण तो ताण त्या काचेला रोज त्रास देतो आहे. जुन्या केके बायफोकलमध्ये (वाचनासाठी खाली वेगळ्या काचेचं गोल बटण असलेल्या भिंगात) खालच्या बटणाभोवती वेगळंच चित्र दिसतं. दोन जातींच्या काचा एकजीव केल्याचा तो ताण आहे.

क्षारात टफन केलेली काच या तपासणीत साध्या काचेसारखीच कोरी दिसते. थर इतका पातळ असतो की समोरून पाहून पत्ता लागत नाही. लॅबमध्ये भिंग त्याच अपवर्तनांकाच्या जवळच्या द्रवात, बहुधा ग्लिसरीनमध्ये, बुडवून पोलराइज्ड प्रकाशात पाहतात. तेव्हा कडेला एक उजळ रेघ उमटते. दुकानात हे कोणी करून दाखवणार नाही. म्हणून ऑर्डर देतानाच टफन कोणत्या रीतीने होणार ते बिलावर लिहून घ्या आणि भट्टीची सांगितली असेल तर क्रूस पाहूनच चष्मा ताब्यात घ्या.

खरी परीक्षा मात्र माराची. अमेरिकेत १९७२ पासून चष्म्याच्या भिंगांना मार सोसण्याची सक्ती झाली. त्यांची चाचणी साधी आहे. भिंग रबरी कड्यावर ठेवायचं आणि सुमारे १६ मिमी व्यासाची, १६ ग्रॅम वजनाची पोलादी गोळी १२७ सेंटीमीटरवरून त्याच्या मध्यावर सोडायची. नंबराच्या काचेचं प्रत्येक भिंग या गोळीखालून जावं लागतं, नमुना तपासून भागत नाही, कारण काचेत एकसारख्या दोन भिंगांच्या चिरा एकसारख्या नसतात. चांगली लॅब कायदा असो वा नसो ही गोळी टाकतेच. आपल्याकडेही विचारायला हरकत नाही: गोळीची चाचणी करता का?

आता याच आकड्यांवरून लेथचा हिशोब करू. ती गोळी भिंगावर पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ५ मीटर असतो. खाली पडलेला चष्मा, नातवाचा हात लागणं, दाराची कड, असे मार त्याच्या आसपासचे. पण २०० मिमीचं बेंच ग्राइंडरचं चाक मिनिटाला २८५० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३० मीटर भरतो, आणि चाकाचा तुकडा उडाला तर साधारण त्याच वेगाने उडतो. युरोपच्या ईएन १६६ या (आता बदललेल्या) मानकात यासाठी वेगळ्या पायऱ्या होत्या. ‘एस’ खूण म्हणजे २२ मिमीची गोळी सेकंदाला ५.१ मीटरने, ‘एफ’ खूण म्हणजे ६ मिमीची गोळी सेकंदाला ४५ मीटरने. टफन काच ‘एस’ गाठू शकते. ‘एफ’साठी पॉलिकार्बोनेटसारखं चिवट प्लास्टिक लागतं.

दुसरं म्हणजे ठिणग्या. ग्राइंडरच्या आणि वेल्डिंगच्या ठिणग्या काचेला चिकटतात, पृष्ठभागात रुततात आणि बारीक खड्डे पाडतात. उद्यमनगरातल्या कोणाच्याही जुन्या काचेच्या चष्म्यावरून नख फिरवा, हाताला लागतील. क्षाराचा थर ०.१ मिमीहून कमी आहे हे लक्षात घेतलंत तर असा एक खोल खड्डा काय करतो ते कळेल. टफनपणा तिथे संपतो. त्यानंतर काच फुटली तर तुकड्यांतही फरक असतो. भट्टीची काच पुष्कळ लहान तुकड्यांत फुटते, क्षाराची साध्या काचेसारखीच मोठ्या, धारदार फोडींत. तिला फोडायला जास्त मार लागतो, पण फुटल्यावर ती साधीच काच असते, आणि ती डोळ्यापासून बोटभर अंतरावर असते.

वडिलांसाठी मी हे करीन. रोजचा चष्मा क्राऊन काचेचा, मध्यभागी २ मिमीपेक्षा कमी नाही, क्षाराने टफन केलेला, पूर्ण कडेची फ्रेम. मायनस चारला काच फायबरपेक्षा थोडी पातळ होते, पण वजन जास्त राहतं. काचेची घनता २.५४ आणि साध्या फायबरची १.३२, त्यामुळे लहान फ्रेम निवडा आणि नाकावरच्या पॅडला चांगलं सिलिकॉन लावून घ्या. काठावर कपची दिसली किंवा मध्यभागी नखाला लागेल असा ओरखडा पडला की भिंग बदला. एकच भिंग बदलता येतं.

कामावर मात्र पॉलिकार्बोनेट. एक तर त्यांच्या नंबराचा, बाजूला संरक्षण असलेला सेफ्टी चष्मा करून घ्या किंवा आहे त्या चष्म्यावरून बसणारा मोठा सेफ्टी गॉगल घ्या. दुसरा मार्ग स्वस्त पडतो आणि ओरखडे पडले की नुसता गॉगल बदलायचा. गॉगलवर मानकाची खूण पाहून घ्या, भारतीय असेल तर आयएस ५९८३. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३५ वं कलम खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी होतं. तेव्हा कारखान्याकडे गॉगल मागायला संकोच नको.

पॉलिकार्बोनेट लवकर चरचरीत होतं हे खरं, पण त्यात पुसण्याचा दोष मोठा असतो. लेथच्या जागेवरची धूळ म्हणजे लोखंडाची आणि चाकाच्या दगडाची पूड. कोरड्या कपड्याने पुसलं की तीच पूड भिंगावर घासली जाते. आधी नळाखाली धरायचं, थेंबभर भांड्यांचा साबण बोटाने फिरवायचा, मग मऊ सुती कपडा. वडिलांचा काचेचा चष्माही असाच धुवायला सांगा, विशेषतः आतली बाजू.

वडिलांचा एकच डोळा चांगला असेल, किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर मी रोजच्या चष्म्यालाही काच देणार नाही. तसं काही असल्यास कळवा, नंबराचा कागदही जोडा, म्हणजे जाडी नेमकी सांगता येईल.